आपल्या गावच्या शेताचा, गोठ्याचा, विहिरीचा इतिहास कसा शोधायचा (पुण्यात राहून सुरुवात करणाऱ्यांसाठी)

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, पण मी वाढले धनकवडीत. गावाला जायचं ते सुट्टीत, जत्रेला आणि कोणाचं लग्न-कार्य असलं की. तीन वर्षांपूर्वी चुलत्यांनी फोनवर सांगितलं की मळ्यातला जुना गोठा पाडतोय, पत्र्याचं शेड घालायचंय. मी सहज विचारलं की हा गोठा बांधला कधी, कोणी, तर फोनवर पाच मिनिटांत तीन वेगळी उत्तरं मिळाली. काका म्हणाले पणजोबांनी, काकू म्हणाल्या आजोबांनी, आणि मागून तात्यांचा आवाज आला की तो आधीपासूनच होता. तिथून मी हे शोधायला लागले आणि पहिले सहा महिने अक्षरशः चुकीच्या दारांवर टकटक करत होते, कारण नीट क्रम कोणी सांगितलाच नाही. तो क्रम इथे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण जवळजवळ सगळे इथेच चुकतात, मीही चुकले. आपण जुन्याकडून नव्याकडे यायला बघतो, म्हणजे थेट पेशवे दफ्तर, शिवकाळ, सनदा वगैरे. तसं होत नाही. आजचा सातबारा हातात घ्यायचा आणि एकेक पायरी मागे उतरत जायचं, मधली एकही पायरी न गाळता. एक जरी गाळली तरी पुढे तुम्ही भलत्याच माणसाच्या भलत्याच शेताचा इतिहास शोधत बसता.

१. कागद मागायच्या आधी घरच्यांना सांगा

हे पहिलं लिहिलंय ते मुद्दाम. पुण्याच्या आजूबाजूला जमिनीला जे भाव आलेत त्यामुळे कोणीही जुना उतारा मागितला की घरात कुजबुज सुरू होते, त्यात मुलगी मागत असेल तर विचारूच नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी कागद मागितल्यावर एका काकांनी दोन महिने माझा फोन घेतला नाही. आमच्याकडे तर विमानतळाच्या चर्चेने आधीच जमिनीचा विषय नाजूक झालेला.

मी मग सगळ्या भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यात सरळ लिहिलं की मला गोठा, विहीर आणि शेत यांची माहिती गोळा करायचीय, मिळेल तो प्रत्येक कागद मी याच ग्रुपवर टाकणार, कोणापासून काही लपवणार नाही. आणि तसंच केलं. पंधरा दिवसांत त्याच काकांनी स्वतः पत्र्याची ट्रंक उघडून दिली. आणि हिश्श्याचं खरंच काही बोलायचं असेल तर ते वेगळं, समोरासमोर बोला. इतिहासाच्या नावाखाली तो विषय काढू नका, एकदा विश्वास गेला की ट्रंक बंद.

२. म्हातारी माणसं आधी, कागद नंतर

कागद कपाटात राहतील, माणसं थांबत नाहीत. आमच्या आत्याआजी मी दुसऱ्यांदा जायच्या आत गेल्या, आणि त्यांच्याकडे खळ्याची जी माहिती होती ती आता कोणाकडेच नाही. म्हणून या शनिवारी-रविवारीच जा.

विचारताना "कोणत्या साली" असं विचारू नका, साल कोणाच्या लक्षात नसतं. घटनेला धरून विचारायचं: पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) झाला तेव्हा गोठा होता का? बहात्तरच्या दुष्काळात बैल विकले का ठेवले? थोरल्याचं लग्न झालं तेव्हा खळं कुठे होतं? असं विचारलं की माणसं भराभर सांगायला लागतात.

दुसरं म्हणजे त्यांना घरात बसवून विचारू नका, शक्य असेल तर शेतात घेऊन जा. तात्या घरी दोन वाक्यं बोलायचे, मळ्यात गेल्यावर बांधाबांधाची नावं सांगत सुटले: चिंचेचा डाग, थोरला पट्टा, पांढरीचं वावर. ही नावं लिहून घ्याच, सरकारी कागदात ती बहुतेक वेळा सापडत नाहीत. "पांढरी" म्हणजे जुनी वस्तीची जागा आणि "काळी" म्हणजे पिकाची जमीन, त्यामुळे वावराचं नाव पांढरीचं असेल तर तिथे कधीकाळी घरं होती का हे विचारा. आमच्याकडे त्या वावरात नांगरताना अजून खापरं निघतात. तसंच "इनामाचं", "देवाचं", "जोश्याचं" अशा नावांमागेही बहुतेक वेळा जमिनीची जुनी मालकी असते, पुढे पायरी ६ मध्ये ते कामाला येईल.

फोनवर रेकॉर्डिंग करा, पण आधी विचारून.

३. गोठा स्वतःच एक कागद आहे, तो नीट वाचा

पाडायच्या आत. ह्या कामाला एक दिवस काढा, टेप, वही, टॉर्च आणि फोन एवढं पुरतं.

आधी गव्हाण आणि दावण. दावणीला किती खुंटे आहेत ते मोजा, त्यावरून घरात जनावरं किती होती ते कळतं. आमच्या गोठ्यात नऊ खुंट्यांची भोकं होती, सात एका रांगेत आणि दोन जरा लांब, उंच गव्हाणीपाशी. तात्या म्हणाले ती बैलांची जागा, त्यांना उंच लागायची. गव्हाणीच्या दगडाच्या कडेला हात फिरवला तर मधोमध खोलगट गुळगुळीत झालीय, माना घासून घासून. एवढा दगड झिजायला किती वर्षं लागली असतील हे मला सांगता येणार नाही, पण पत्र्याच्या शेडएवढा तो नवा नाही हे कोणालाही दिसतं.

मग भिंत: माती, चुना की सिमेंट? एकाच भिंतीत दोन प्रकार दिसले तर गोठा दोनदा बांधलाय किंवा वाढवलाय. लाकडं: खांबांना, तुळयांना जुनी खाच किंवा भोकं असतील आणि त्यांचा आत्ता काही उपयोग नसेल तर ते लाकूड दुसऱ्या इमारतीतून काढून इथे लावलंय, त्यामुळे लाकडाच्या वयावरून गोठ्याचं वय ठरवू नका. कौलं: मंगलोरी कौलांवर कारखान्याचा शिक्का असतो आणि काहींवर साल. इथे मोठा सापळा आहे! ते साल बऱ्याचदा कारखाना सुरू झाल्याचं असतं, कौल भाजल्याचं नाही. "१८६५" दिसलं म्हणून उड्या मारू नका, मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना त्या साली काढला, एवढाच त्याचा अर्थ.

गोठ्याशेजारी खळं, पेव आणि विहीरही बघा. पेव म्हणजे ज्वारी साठवायला मुरमात खणलेला खड्डा, वरून तोंड लहान आणि आत मोठा, आत हवा कोंडलेली असते म्हणून कुतूहलापोटी कोणी आत उतरू नका. विहिरीवर मोटेचं थारोळं (मोटेचं पाणी जिथे ओतलं जायचं ती जागा) आणि बैलांची उतरती धाव शिल्लक असेल तर ती इंजिन किंवा मोटर यायच्या आधीची विहीर. थारोळी दोन असतील तर दोन मोटा चालायच्या, म्हणजे बहुतेक दोन घरांची पाळी होती. हे लक्षात ठेवा, सातबाऱ्यावर पडताळता येतं.

४. आजचा सातबारा आणि त्यातला पोटखराबा

आता कागद. महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात मिळतो, सोबत आठ-अ (खात्याचा उतारा) काढा, म्हणजे त्या नावावर गावात अजून कुठले गट आहेत तेही दिसतं.

सातबारा वाचताना लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. तुम्ही हे बघा:

नावाशेजारी गोलात किंवा कंसात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार नंबर, तीच तुमची मागे जाण्याची शिडी. नावाला कंस केलाय म्हणजे ते नाव कमी झालंय.

"इतर हक्क" मध्ये विहिरीचा हिस्सा, पाण्याची पाळी, वाट, जुना बोजा (जमिनीवरचं कर्ज), कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव असतं. आमची दोन थारोळ्यांची विहीर इथे "सामाईक" निघाली, निम्मी शेजारच्या गटाची.

आणि पोटखराबा. हे मला खूप उशिरा कळलं आणि ह्याबद्दल कोणी बोलत नाही. पोटखराब वर्ग "अ" मध्ये लागवडीलायक नसलेली जमीन येते आणि नियमातच लिहिलंय की मोजणीच्या वेळी असलेली शेतकऱ्याची शेतातली इमारत किंवा खळं हेसुद्धा त्यातच धरायचं. म्हणजे जुन्या मोजणीत पोटखराबा का दाखवला हे कळलं तर गोठा किंवा खळं त्या वेळी तिथे होतं का याचा धागा मिळू शकतो. नाला किंवा खडक असेल तरी पोटखराबाच येतो, म्हणून एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, नकाशाशी जुळवा.

मापांचा घोळ होऊ नये म्हणून: ४० गुंठे म्हणजे १ एकर, १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर. जुन्या उताऱ्यात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. क्षेत्र अचानक "कमी झालं" असं वाटलं तर भांडायच्या आधी एकक बघा.

५. गट नंबरवरून जुन्या सर्व्हे नंबरवर जा (इथेच सगळे अडकतात)

१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली पुढे गावोगाव योजना झाली, विखुरलेले तुकडे एकत्र केले आणि त्यांना नवे गट नंबर दिले. आजचा गट ११२ म्हणजे जुना सर्व्हे नंबर ११२ नव्हे. माझा एक अख्खा उन्हाळा यात गेला, मी गट नंबर घालून जुन्या रजिस्टरात शोधत होते आणि जी घराणी सापडत होती ती आमची नव्हतीच.

उपाय सोपा आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा, लोक त्याला "नऊ तीन, नऊ चार चा उतारा" म्हणतात. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट नंबर समोरासमोर दिसतात. तो मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

तालुक्याचंही तेच. आजचे दौंड आणि बारामती हा भाग जुन्या कागदांत भीमथडी तालुका म्हणून येतो. भोर हे १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्यामुळे संस्थानातल्या गावांचे जुने कागद इंग्रजी मुलखातल्या गावांसारखे लागत नाहीत. आणि गावाला बुद्रुक, खुर्द जोडी असेल तर दोन्ही तपासा.

६. फेरफार: एकेक पायरी मागे

फेरफार म्हणजे गाव नमुना ६, जमिनीवरचं नाव का बदललं याची नोंद: वारस, वाटणी, खरेदी, गहाण, बोजा. शासनाच्या "आपले अभिलेख" साइटवर बरेच जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून टाकलेत, आधी तिथे शोधा. तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा.

अर्जात मोघम लिहू नका. "आमच्या शेताचे सर्व जुने कागद" असा अर्ज मी एका कार्यालयात दिला होता, तीन आठवड्यांनी तो "नोंद आढळत नाही" म्हणून परत आला. त्याच कार्यालयात गावाचं नाव, सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार आणि सालाचा पट्टा असं सगळं लिहून दिलं तर दहा दिवसांत नक्कल मिळाली. एका अर्जात एकच प्रकारचा कागद मागा.

या नोंदींना सुरुवात झाली १९०३ च्या कायद्याने, म्हणून फेरफाराच्या शिडीने तुम्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच मागे जाऊ शकता. पण तेवढ्यात केवढं तरी सापडतं. वाटण्या कशा होत गेल्या ते बघताना फार वाईट वाटतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला होता, आज जिथे नुसत्या सोसायट्या दिसतात तेच पिंपळे सौदागर. १७७१ मध्ये सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलं. आमच्या फेरफारांत मी तेच होताना बघितलं, फक्त प्रत्येक वाटणीत नावं माझ्या घरातली.

काही खुणा समजून घ्या. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: उताऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं पण जमीन सगळ्यांची असते, त्यामुळे "धाकट्याला काहीच नव्हतं" असा निष्कर्ष काढू नका. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वारस लहान असला की त्याच्या वतीने कोण बघतंय ते.

या अ.पा.क. मुळेच आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट सापडली. घरात कायम सांगायचे की विहीर पणजोबांनी खणली. फेरफारात निघालं की पणजोबा गेले तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते, त्यांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहिलंय. आणि विहिरीसाठी तगाई घेतल्याचा बोजा त्याच्या चार वर्षांनंतरचा आहे. (तगाई म्हणजे विहीर, बांध, बैल यांसाठी सरकार शेतकऱ्याला द्यायचं ते कर्ज.) म्हणजे विहीर खणली ती पणजीने, एकटीने, पोरगं तेरा वर्षांचं असताना. तो कागद जांभळ्या शाईतला, अंगठ्याच्या ठशापाशी "निशाणी डावा अंगठा" आणि पुढे तिचं नाव. आमच्या घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही. मी ते नाव ग्रुपवर टाकलं तेव्हा कितीतरी वेळ कोणी काही लिहिलंच नाही, मग काकूंनी लिहिलं, बाईंनी केलं होय हे.

म्हणून बोज्याच्या नोंदी वगळू नका. विहीर, बैल, इंजिन हे सगळं कर्जाच्या नोंदीत सापडतं, कारण शेतकऱ्याने काही नवं केलं की बहुतेक कर्ज काढूनच केलेलं असतं.

साधारण १९५० ते १९६५ या काळात नावं एकदम बदललेली दिसतील, गोंधळून जाऊ नका. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं, त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर कलम ३२म चं सर्टिफिकेट मिळालं. ते सर्टिफिकेट घरात असेल तर तुमचं घराणं त्याआधीही ते शेत कसत होतं, फक्त कूळ म्हणून, तेव्हा मालकाच्या नावाखालीही शोधा. तसंच वतनं (गावच्या कामाबद्दल पिढीजात मिळालेले हक्क आणि जमिनी) गेली: कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, महार वतनासारखी कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. देवस्थान इनाम (वर्ग ३) मात्र वेगळं, त्याच्या उताऱ्यावर देवाचं नाव असतं. यात तुमच्या घराण्याच्या बाजूने नसलेल्या गोष्टीही निघतील, कोणाची जमीन कोणाकडे कशी गेली वगैरे. त्याही तशाच लिहा. निवडून लिहायचं असेल तर मग एवढे हेलपाटे कशाला?

७. भूमी अभिलेख: टिपण, फाळणी, गाव नकाशा

कंटाळू नका, जागा नेमकी कुठे होती हे इथेच कळतं. आपल्या जिल्ह्याचा यात मान मोठा आहे, गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी मोजणी-आकारणी पहिल्यांदा लागू झाली ती इंदापूरला, १८३६ च्या सुमारास, आणि मग तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

मागायचे कागद: मूळ सर्व्हे नंबरचं टिपण (मोजणीचं हाताने काढलेलं रेखाटन), हिस्से पडल्यावरची फाळणी, आकारबंद (सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद), आकारफोड (तोच सारा हिश्श्यांत वाटलेला) आणि गाव नकाशा. टिपणावरची मापं साखळी आणि आण्यात असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा, हे कळलं की टिपण एकदम सोपं वाटायला लागतं. टिपणावर विहीर, झाड, वाट, नाला अशा खुणा असतील त्या बघा, आमच्या टिपणावर विहिरीच्या जागी काहीच नव्हतं, जे पणजीच्या गोष्टीशी बरोबर जुळलं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर टोपोशीटही (त्या विभागाचे भूभागाचे नकाशे) मिळतात, पण त्यांचा स्केल लहान, त्यात वस्ती, विहीर, पाणंद दिसेल, गोठा नाही.

८. गोठा गावठाणात असेल तर

सातबारा विसरा, गावठाणाला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी यादी बघा, जुन्या यादीत "घर, मातीचं, कौलारू" किंवा "गोठा" असा प्रकार लिहिलेला असतो. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका मिळते, आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता सनदाही दिल्यात.

९. मोडी आणि पेशवे दफ्तर

इथपर्यंत आलात तर आता. स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंतच्या हाताने लिहिलेल्या बऱ्याच नोंदी मोडीत आहेत, गावच्या कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी (कोतवाल बुक) सुद्धा. कोण कधी गेलं हे कोतवाल बुकातून कळतं आणि ते फेरफारातल्या वारस नोंदीशी जुळवता येतं.

पुणेकरांना एक मोठी सोय आहे, पुराभिलेखागार आपल्याच शहरात, कौन्सिल हॉलजवळ. पेशवे दफ्तर तिथे आहे, कोट्यवधी कागद, रुमालांत बांधलेले. ओळखपत्र आणि कशासाठी बघायचंय याचा अर्ज लागतो. पण खरं सांगते, तिथे तुमच्या गोठ्याचा कागद मिळेल या आशेने जाऊ नका. गावाचा झाडा (जमीन-महसुलाचा तपशील), पाहणीचे आणि लावणीचे कागद, पाटलाचे तंटे असं मिळू शकतं, म्हणजे गावाची गोष्ट. एका कुणब्याचं एक वावर सापडणं फार दुर्मिळ. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) हे दुसरं ठिकाण. आणि जिल्ह्याचं १८८५ चं इंग्रजी गॅझेटियर तीन भागांत आहे, ऑनलाइन फुकट वाचता येतं, त्यात पिकं, अवजारं, बैल, विहिरी यांचं वर्णन आहे. ते आधी वाचा, म्हणजे मोडी कागदातले शब्द ओळखीचे वाटतात.

मोडी वाचून घेणार असाल तर महत्त्वाचा कागद दोन वेगळ्या वाचकांना दाखवा. आमच्या एका कागदात एकाने "वाडा" वाचलं, दुसऱ्याने "वाटा". घराचा इतिहासच बदलला असता!

तारखांचं गणित लिहून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फसली सनात ५९० (जूनच्या आसपास फिरतो, म्हणून कधी ५९१). सुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि तो अरबी शब्दांत लिहितात: "सीत सबैन मया अलफ" म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार, झाले ११७६, म्हणजे १७७५-७६. फसली आणि सुहूर यांची अदलाबदल केली की नऊ वर्षांचा फरक पडतो.

१०. सोबत काय न्यायचं, काय करायचं नाही

पिशवीत: आजचा सातबारा आणि आठ-अ, नऊ तीन-नऊ चार चा उतारा, आधारची झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प, सुट्टे पैसे, हाताने काढलेली वंशावळ (फेरफार नंबरसह), पेन्सिल, आणि पाण्याची बाटली. वंशावळीत बायकांची नावंही लिहा, माहेरच्या गावासकट.

जुना कागद लॅमिनेट करू नका. सेलोटेप लावू नका. घडी उलगडत नसेल तर ओढू नका. सपाट ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश बंद करून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, मागच्या बाजूला बऱ्याचदा स्टॅम्प विकल्याची तारीख असते. मग सुती कापडात बांधून परत त्याच माणसाला द्या ज्याने दिला. "माझ्याकडे सुरक्षित राहील" असं म्हणून घेऊन येऊ नका.

एजंटच्या नादी लागू नका. "सगळे जुने उतारे काढून देतो" म्हणून पाच-सात हजार मागतात, आणि देतात ते तुम्हाला फोनवर मिळणारेच.

आणि पुरावा नसेल तर "सापडलं नाही" असं लिहा, अंदाजाने भरू नका. पानशेतच्या पुरात पुण्यातल्या नदीकाठच्या घरांतले कागद गेले, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत काही वाड्यांतली दप्तरं गेली, त्यामुळे कागद नाही म्हणजे गोष्ट खोटी असं नाही. आमच्या गोठ्याचंच बघा ना. विहीर कोणी खणली ते कागदावर आहे, गोठा कोणी बांधला ते नाही. फक्त पाडताना दारावरच्या पाटाच्या वरच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, कोरलेला शक १८७६ निघाला. ७८ मिळवा, १९५४. विहिरीची तगाई त्याच्या आदल्या वर्षाची आहे.

तो पाट आता काकांच्या ओसरीत लावलाय, कोरलेली बाजू पुढे करून.